ती धूळ तुळशीला खत म्हणून चालेल का?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी मुलुंडला राहते. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानच्या बाजूने धूळ आली, तेव्हा सकाळी उठून पाहिलं तर गॅलरीतल्या तुळशीवर, कढीपत्त्यावर आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढरी भुकटी बसलेली. तेव्हापासून पानं पांढुरकी दिसली की मला तोच दिवस आठवतो. मध्यंतरी मुलाने वाचून दाखवलं की सहाराच्या धुळीवर अ‍ॅमेझॉनचं जंगल पोसतं. म्हणून हल्ली मी पानांवरची धूळ धुऊन न टाकता कुंडीतच झाडते. सासूबाई म्हणतात, असली माती तुळशीला घालू नये. त्यांना दमा आहे आणि त्यांची बसायची जागा नेमकी गॅलरीत. आमच्यात कोणाचं खरं?

उत्तर : सासूबाईंचं. मुलाने वाचलं तेही खरंच आहे, पण तो हिशेब जंगलाचा आहे, कुंडीचा नाही. मी तीस वर्षं कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवलं, त्यामुळे धुळीचा विषय निघाला की मला थोडक्यात आवरत नाही. उत्तर लांबणार आहे.

तो २३ जानेवारीचा रविवार मलाही चांगला आठवतो. आदल्या दिवशी अवेळी पाऊस शिंतडून गेला होता. पार्ल्याच्या आमच्या गच्चीत मी परात घासून कठड्यापाशी पालथी घातली होती. सकाळी उचलायला गेले तर तिच्या बुडावर पांढरट कड्यांची नक्षी. थेंब सुकताना त्यातली धूळ कडेला सरकते, म्हणून प्रत्येक थेंबाचं एक कडं. समोरची इमारत पुसट दिसत होती, सूर्य चंद्रासारखा फिका. एरवी जानेवारीत सांताक्रूझचा पारा तिशीपर्यंत जातो, त्या दिवशी तो चोवीसच्या आसपासच अडकला. गार वारं होतंच, वर धुळीने ऊनही अडवलं होतं.

मी काय केलं असेल तर परातीवरची भुकटी रंगाच्या मऊ कुंचल्याने गोळा करून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरली. बाटलीवर तारीख लिहिली. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

मग चिमूटभर भुकटी अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही मातीची हीच पहिली परीक्षा शिकवतो. वाळू बोटांना खरखरीत लागते, चिकणमाती ओली केली की चिकटते, आणि पोयट्याचे कण मैद्यासारखे सुळसुळीत लागतात. ही भुकटी निव्वळ मैदा होती. माझी खात्री पटायला सुरुवात झाली ती तिथे. वाळवंटात वारा उठला की जाड वाळू थोड्या अंतरावरच खाली बसते. हजार किलोमीटर ओलांडून येतात ते दहा-वीस मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाची जाडी धरा साधारण सत्तर मायक्रॉन. म्हणजे बलुचिस्तान-सिंधकडून अरबी समुद्रावरून जे मुंबईला पोचतं, ते वाऱ्यानेच आधी चाळून दिलेलं असतं.

पुढे मी त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले, म्हणजे तिच्यात चुनखडी होती. कोरड्या प्रदेशातल्या धुळीत ती असतेच, कारण तिथे पाऊस चुना धुऊन नेत नाही. मला फार आनंद झाला आणि तो जेमतेम पाच मिनिटं टिकला. आमच्या शेजारी जुनी इमारत पाडून टॉवर चढवायचं काम चालू होतं आणि सिमेंटची धूळही व्हिनेगरमध्ये अशीच फसफसते! मग त्या टॉवरच्या बाजूच्या खिडकीतली धूळ घेऊन चोळली. ती कचकच लागली. रेल्वेच्या बाजूच्या खिडकीतल्या धुळीवर नातवाचं लोहचुंबक कागदाखालून फिरवलं, तर काळे कण उभे राहून चुंबकामागे धावले. ते रूळ, चाकं आणि ब्रेक झिजून उडालेलं लोखंड. परातीवरची भुकटी चुंबकाला दाद देईना. त्यातच पुण्याहून बहिणीचा फोन आला की तिच्याही गाडीवर तसाच पांढरा थर आहे. तेव्हा कुठे मी बाटलीवर तारखेखाली ‘बाहेरची’ असं लिहिलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही हल्ली कुंडीत झाडता ती धूळ ‘बाहेरची’ नाही. वर्षातले काही मोजके दिवस सोडले तर मुंबईच्या गॅलरीत बसते ती बांधकामाची, रस्त्याची, टायरची आणि ब्रेकची धूळ. तुळशीने तिचं काय करायचं? सिमेंट अल्कधर्मी असतं. ते कुंडीच्या मातीत साठत गेलं की झाडाला लोह मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात, पाणी जास्त झालं असेल. ते कारण असू शकतं, पण एकदा मातीकडेही बघा.

आता अ‍ॅमेझॉन. आफ्रिकेतल्या चाड देशात बोडेले नावाचा सखल प्रदेश आहे. एके काळच्या प्रचंड सरोवराचा तो कोरडा तळ. सरोवरात जगून मेलेल्या सूक्ष्म शैवालांची कवचं तिथे थरांनी साठली आहेत आणि दोन डोंगररांगांमधून घुसणारा वारा ती उचलून नेतो. डार्विनने १८३२ च्या जानेवारीत केप व्हर्ड बेटांपाशी बोटीच्या डोलकाठीवर, वातदर्शकाच्या तलम कापडात अडकलेली तपकिरी धूळ पुडीत बांधून घेतली होती. बर्लिनचे शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा तिच्यात अशीच सूक्ष्म जीवांची कवचं सापडली. माझ्या बाटलीकडे पाहिलं की मला ती पुडी आठवते.

नासाच्या शास्त्रज्ञांनी २००७ ते २०१३ अशा सात वर्षांची उपग्रहाची मोजमापं घेऊन २०१५ मध्ये हिशेब मांडला. दरवर्षी सुमारे २ कोटी ७७ लाख टन आफ्रिकी धूळ अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यावर पडते आणि तिच्यातून सुमारे २२ हजार टन स्फुरद (फॉस्फरस) त्या जमिनीला मिळतं. पाऊस आणि पूर तिथून जवळजवळ तेवढंच स्फुरद वाहून नेतात. म्हणजे धूळ ती झीज भरून काढते. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो वाटून बघा. हेक्टरी वर्षाला साधारण २९ किलो धूळ आणि तिच्यात अवघं २३ ग्रॅम स्फुरद. तुमच्या बारा इंची कुंडीच्या वाट्याला वर्षाकाठी पाव ग्रॅमहून कमी धूळ येईल आणि एका मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाएवढंही स्फुरद येणार नाही. उलट मूठभर, म्हणजे पन्नासेक ग्रॅम गांडूळखत घातलंत आणि त्यात अर्धा टक्का स्फुरद धरलं, तर अडीचशे मिलिग्रॅम झालं. त्या धुळीच्या वाटेने इतकं मिळवायला तुळशीला हजार वर्षांहून जास्त काळ उभं राहावं लागेल. जंगलाला तेवढा वेळ आहे.

आणि वेळ असेल तिथे धूळ काय करते याला तोड नाही. हवाई बेटांतल्या कवाईवरची माती चाळीस लाख वर्षांची. मूळ लाव्हा खडकातलं स्फुरद पावसाने केव्हाच संपवलं आहे. तिथलं जंगल आज तग धरून आहे त्यात आशियातून, सहा हजारांहून जास्त किलोमीटरवरून येणाऱ्या धुळीतल्या स्फुरदाचा मोठा वाटा आहे. माझं माहेर संगमेश्वरकडचं. आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीतूनही पाऊस चुना आणि पालाश असाच नेतो, आणि उरलेलं स्फुरद लोह व अ‍ॅल्युमिनियम इतकं घट्ट धरून बसतात की मुळांना ते सुटत नाही. वडील म्हणायचे, ‘ही माती पाहुण्याला उपाशी ठेवते.’ मृदाशास्त्र शिकल्यावर मला त्या बोलण्याचा अर्थ कळला. मुंबईच्या नर्सऱ्यांत गोणीतून मिळणारी लाल माती बहुतेक याच जातीची, म्हणून तिला शेणखत, गांडूळखत लागतंच.

सगळी धूळ पोसणारी असते असंही नाही. अरल समुद्र आटला, त्याच्या तळातलं मीठ धुळीबरोबर उडून उझबेकिस्तानातल्या काराकल्पाकस्तानच्या शेतांवर पसरलं आणि जमिनी खारावल्या. आता त्या कोरड्या तळावर धूळ धरून ठेवण्यासाठी सक्सौल नावाची काटक झुडपं लावतात. इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या सिस्तानातही हामून नावाची तळी कोरडी पडली आणि उन्हाळ्यात तिथे वाहणारा ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ तो कोरडा तळ उचलून नेतो. वाळवंटाची धूळ म्हणतो तेव्हा तिच्यात माणसाने आटवलेली तळीही असतात. मला याचं वाईट वाटतं. कालवे काढले शेतीसाठी, आणि धूळ परत आली ती शेतावरच.

आता पानाकडे वळू, कारण तुमच्या झाडांना खरा त्रास तिथे होतो. धुळीने पानांची ‘नाकं’ बुजतात असं सरसकट म्हटलं जातं. आंब्यासारख्या पुष्कळ झाडांची ही नाकं, म्हणजे पर्णरंध्रं, पानाच्या खालच्या बाजूला असतात, वरच्या थराने ती बुजत नाहीत. पण वरच्या थराने ऊन अडतं, अन्न कमी तयार होतं आणि पान तापतं. आंब्याचं गुळगुळीत पान एका सरीत स्वच्छ होतं. तुळशीच्या पानावर बारीक लव असते, तिच्यात धूळ अडकून राहते. आणखी एक शत्रू म्हणजे लाल कोळी. डोळ्याला जेमतेम दिसणारी ही कीड धुळकट, कोरड्या पानांवर फोफावते, कारण तिला खाणारे मित्रकीटक धुळीत नीट फिरू शकत नाहीत. पान उलटं करून बघा. बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसले की समजायचं.

म्हणून पानं धुवा. आठवड्यातून एकदा सकाळी, मगातल्या पाण्याने किंवा साध्या फवाऱ्याने, वरून आणि खालूनही. कुंडीच्या तोंडावर जुनं फडकं किंवा प्लास्टिक पसरून पानं तिरकी धरली की मळकं पाणी मातीत जात नाही. कोरडी मात्र अजिबात झाडू नका. कोरडी झाडलेली धूळ कुंडीत कमी पडते, सासूबाईंच्या नाकात जास्त जाते.

त्यांच्याविषयी जरा काळजीने लिहिते. नाकातले केस आणि ओलावा जाड कण अडवतात. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण श्वासनलिकांत उतरतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत. दम्याच्या माणसाला धूळ वाळवंटातली की टॉवरची याने फरक पडत नाही. आकाश पिठाळलेलं दिसेल त्या दिवशी त्यांना आत बसवा, खिडक्या लावा, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पदर किंवा ओढणी तोंडावर घेऊन बारीक धूळ थांबत नाही, बाहेर जावंच लागलं तर एन-९५ मास्क लावायचा. डॉक्टरांनी दिलेला पंप हाताशी हवा, आणि धाप वाढली तर ‘उद्या बघू’ नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे अ‍ॅप मुंबईच्या हवेचे आकडे रोज देतं, ते सकाळी बघायची सवय मुलाला लावा. एरवीच्या हिवाळ्यात पहाटेची हवा जमिनीलगत कोंडलेली असते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ती हलते. मुलुंडला तो वारा जरा उशिरा पोचतो. सासूबाईंची गॅलरीतली बैठक सकाळी सातऐवजी दुपारच्या चहाला ठेवता आली तर बघा. त्यांना सांगा, तुळशीच्या बाबतीत बाईंनी तुमचीच बाजू घेतली.

प्रश्न : १३ मे २०२४ ला दुपारी मुंबई-ठाण्यात जे धुळीचं वादळ आलं तेही वाळवंटातूनच आलं होतं का? (ठाणे)

उत्तर : नाही. ती आपलीच धूळ होती. त्या सोमवारी वळवाचा मोठा ढग तयार झाला. अशा ढगातून गार, जड हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. वाटेतली मैदानं, उघडे रस्ते, बांधकामाचे ढिगारे यांवरची धूळ ती भिंतीसारखी उचलते. त्याच वाऱ्यात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. जानेवारीतली धूळ चोरपावलांनी आली, दिवसभर रेंगाळली आणि मैद्यासारखी होती. मे महिन्यातली गरजत आली, थोडाच वेळ टिकली आणि दातांखाली कचकचली. मागोमाग पाऊसही आला.

महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले आहेत. मोठ्या प्रकल्पांभोवती ३५ फूट उंच पत्रे, राडारोड्यावर पाणी मारणं, गाड्या झाकून नेणं. तुमच्या शेजारी काम चालू असेल तर हे पाळलं जातंय का ते बघा आणि नसेल तर सोसायटीच्या पत्रावर लेखी तक्रार करा. वाळवंटाला आपण काही सांगू शकत नाही, शेजारच्या ठेकेदाराला सांगू शकतो. आमच्या सोसायटीने तीन पत्रं दिली, तेव्हा कुठे पाण्याचा टँकर उभा राहिला.

प्रश्न : बाई, आम्ही वेसाव्याचे. वलांडीवर बोंबील सुकत असतात तेव्हा अशी धूळ आली तर माल खराब होतो का? आणि समुद्रात पडलेल्या धुळीने मासळीचं काय होतं? माझे सासरे म्हणतात, धुळीचं वर्ष मासळीला चांगलं.

उत्तर : अर्धवट ओल्या बोंबलाला धूळ चिकटते, सुकलेल्याला कमी. आकाश पिठाळ दिसलं तर जेवढे काढता येतील तेवढे काढून झाकून ठेवा, उरलेले विकताना वेगळे काढा. सुके बोंबील आपण रांधायच्या आधी धुतोच, त्याने ही धूळ निघून जाते. त्यात कचकच राहिली तर ती बहुधा किनाऱ्यावरची वाळू असते.

तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्याला आधार आहे. समुद्रातल्या अन्नसाखळीची सुरुवात होते ती प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून. त्यांना नत्र, स्फुरद लागतं तसं अगदी कणभर लोहही लागतं, आणि खोल समुद्रात पुष्कळ ठिकाणी वरच्या पाण्यात लोहाचीच वानवा असते. धूळ ते नेऊन टाकते. जून-जुलैत इराक आणि इराणच्या आखाताकडून ‘शमाल’ वारा धुळीचे लोट अरबी समुद्रावर आणतो, ते उपग्रहाच्या छायाचित्रांत पिवळट पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात. मात्र जाळ्यात बोंबील किती लागणार हे पाण्याचं तापमान, वारे, खाडीतून येणारं पाणी आणि आपण लहान पिल्लं किती मारतो यावर जास्त ठरतं. वेसाव्याच्या किनाऱ्याजवळच्या पाण्याला लोह जमिनीवरूनही भरपूर मिळतं. तेव्हा सासऱ्यांचं म्हणणं खोल समुद्राला अधिक लागू आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना नक्की सांगा, त्यांना आवडेल. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अरबी समुद्रावर आणि पश्चिम आशियावर धूळ जास्त असली की ती ऊन शोषून हवा तापवते, त्यामुळे समुद्रावरून येणारा बाष्पाचा वारा जोर धरतो आणि साधारण आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. तुमच्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा त्या ढगांना ढकलणाऱ्यांत इराकची धूळही असते.

प्रश्न : गुलाबाच्या पानांवरची पांढरी धूळ पुसली तरी चार दिवसांत परत येते. खिडकी तर बंद असते. (दादर)

उत्तर : ती धूळ नाही. धूळ जुन्या-नव्या सगळ्या पानांवर सारखी बसते आणि ओल्या बोटाने पूर्ण निघते. तुमच्याकडे आहे ती भुरी, बुरशीचा रोग. कोवळ्या पानांवर गोल डाग पडून ते पसरतात आणि पान वाकडं होतं. बंद खिडकीतली कोंदट हवा तिला फार मानवते. कुंडी उन्हात आणि वाऱ्यात हलवा, रोगट पानं कात्रीने काढा, आणि पाण्यात मिसळणारं गंधक पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी फवारा. कडक उन्हात फवारलं तर पानं करपतात. जास्वंदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं आणि मुंग्यांची ये-जा असेल तर तो पिठ्या ढेकूण. त्याला गंधक नको, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. गुलाबाची कापलेली पानं कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या.